द्राक्षं तुडवायची कोणी?

आसेगावच्या शिवारात एके काळी द्राक्षांची बाग होती आणि मी तिच्यात मजूर होतो, असं सांगितलं की ऐकणारा आधी माझ्याकडे टक लावून बघतो आणि मग हळूच पुढे सरकून माझ्या तोंडाचा वास घेतो. त्याचा दोष नाही. आमची जमीन काळी, कपाशीची आणि ज्वारीची. द्राक्ष म्हटलं की आमच्या लोकांना आजारी माणसाच्या उशाशी ठेवलेली कागदी पुडी आठवते. द्राक्षं वेलीला लागतात, आणि त्या वेलीमागे वर्षभर माणसं राबतात, हे कोणाच्या डोक्यातच येत नाही.

पुढे मी सरकारी रोपवाटिकेत माळी झालो आणि तिथूनच निवृत्त झालो. या अंकाच्या संपादकांनी खरं तर त्या नोकरीबद्दल लिहा म्हटलं होतं. पण तिथे मी संत्र्याची कलमं बांधली, बंगल्यांमध्ये गुलाब लावले आणि संध्याकाळी वेळेवर घरी गेलो. त्यात सांगण्यासारखं काय आहे? सांगण्यासारखं जे काही घडलं ते त्याआधी, इंग्रजांच्या राज्यात, बापूसाहेबांच्या बागेत.

बापूसाहेब म्हणजे आमच्या गावचे देशमुख. जमीन अफाट, जिद्द त्याहून अफाट, आणि सोवळंओवळं इतकं कडक की आमच्या वस्तीतला माणूस समोरून आला तर ते वाट सोडून काट्यात उभे राहायचे. एकदा ते दौलताबादेकडे लग्नाला गेले आणि तिथे त्यांनी वेलीवरची द्राक्षं खाल्ली. त्याच साली अकोल्याला एका गोऱ्या साहेबाच्या बंगल्यावर त्यांनी साहेबाला काचेच्या पेल्यातून लाल पाणी पिताना पाहिलं. हे काय, विचारल्यावर कळलं की ही द्राक्षांची दारू, विलायतेहून बोटीने येते. बापूसाहेब स्वतः दारूच्या वाऱ्याला उभे राहत नसत. पण घरी येऊन ओसरीवर बसल्या बसल्या म्हणाले, "बोटीनं येते म्हने! कायले? आपल्या इथं माती नाई का पानी नाई?"

झालं. ओल्या गोणपाटात गुंडाळलेल्या द्राक्षाच्या काड्या बैलगाडीने आल्या. वेलीला चढायला पांगाऱ्याचे खुंट पुरले. सोबत नाशिककडचा एक माळी आला. त्याने आम्हाला हाताला धरून सगळं काम शिकवलं आणि वैशाखातलं आमचं ऊन बघून तो जो पळाला तो परत आला नाही.

आता या बागेचं आम्हाला एवढं अप्रूप का, ते सांगतो. कापूस वेचून झाला की आमच्या वस्तीच्या हाताला काम नसायचं. मग आम्ही गाठोडी बांधून कारंज्याच्या जिनांत जायचो. जिनात सरकी वेगळी होते आणि कापसाची धूळ उडते. ती धूळ माझ्या बायकोच्या, काशीच्या, छातीत बसली होती. जिनातून आली की पुढचे किती तरी दिवस ती खोकत राहायची, भाकरी थापता थापता तव्यापासून तोंड फिरवून खोकायची. द्राक्षाची बाग अशी की नेमकं शेतं रिकामी असताना तिला माणसं लागतात. छाटायला, बांधायला, पाखरं हाकायला, तोडायला. बाग आली, जिन सुटलं, आणि दुसऱ्या वर्षी काशीचा खोकला थांबला. म्हणून बापूसाहेबांना गाव बह्याड, म्हणजे खुळे, म्हणायचं तेव्हा आमची वस्ती मान खाली घालून गप्प बसायची. बह्याड असोत, बाग टिकली पाहिजे.

पहिली छाटणी मला अजून आठवते. द्राक्षाची वेल वर्षातून दोनदा छाटावी लागते. एकदा चैत्रात, तिला नवी काडी फुटावी म्हणून. आणि एकदा पाऊस सरल्यावर, त्या काडीला घड लागावा म्हणून. ही दुसरी छाटणी चुकली तर वर्षभर नुसती पानं मोजत बसायचं. बापूसाहेबांना हे माळ्याने समजावून सांगितलं होतं, पण ऐकणं वेगळं आणि बघणं वेगळं. आम्ही कात्र्या चालवायला लागलो, हिरवीगार बाग डोळ्यांदेखत बोडकी व्हायला लागली, आणि बापूसाहेब बाजेवर बसले होते ते उठून पाठ करून बसले. म्हणाले, "मले नका दाखवू. झालं की सांगा."

त्यात छाटलेल्या काडीच्या टोकातून पाणी ठिबकायला लागलं. वेलीचं ते होतंच. मुळं वर पाणी ओढत असतात, टोक उघडं असतं, ते गळतं. चार दिवसांत आपोआप थांबतं. पण हे आम्हालाही तेव्हा नवीन. आमच्यात गोदामावशी होती, म्हणजे आमच्या बायांची म्होरकी, नवरा वारल्यापासून एकटीच्या हिमतीवर जगलेली बाई, जीभ कात्रीपेक्षा धारदार. तिने टोकाला बोट लावलं आणि मोठ्याने ओरडली, "अवो बापूसायेब, तुमची बाग रडून राह्यली!"

बापूसाहेब पाठ करूनच म्हणाले, "मले म्हाईत हाय. मी बी."

त्या संध्याकाळी मावशीने आपल्या जुन्या लुगड्याच्या चिंध्या करून कित्येक वेलींच्या टोकांना बांधल्या. पाणी काही थांबलं नाही, पण लांबून बघणाऱ्याला वाटायचं की लढाईवरून आलेली पलटण उभी आहे.

छाटणीनंतर पालवी फुटली की दुसरी पीडा. दमट हवेत पानांखाली पांढरी बुरशी धरते आणि बघता बघता बाग करपते. त्यावर औषध म्हणजे मोरचूद आणि चुना पाण्यात कालवून पानांवर मारायचं. मारायला पंप मागवला होता, तो काही आला नाही. तेव्हा बापूसाहेबांनी होळीच्या पितळी पिचकाऱ्या काढून दिल्या. ऐन दिवाळीत आम्ही निळ्या पाण्याच्या पिचकाऱ्या उडवत बागेतून फिरायला लागलो आणि शेलूबाजारला जाणाऱ्या गाड्या बांधावर थांबून बघायला लागल्या. वाऱ्याने निम्मं औषध वेलीवर आणि निम्मं आमच्यावर. पहिल्या दिवशी मी घरी गेलो तो डोक्यापासून पायापर्यंत निळा. काशी दारात उभी होती. तिने मला वरून खाली बघितलं आणि म्हणाली, "आले का किसनदेव? अन् बासरी कुठी ठेवली?"

तिसऱ्या वर्षी घड लागले. काळे, बारीक मण्यांचे, जाड सालीचे. खायला काही विशेष नाहीत, पण दारूला असेच लागतात म्हणे. पिकायला लागले तशी पाखरं आली. पोपटांवर आम्ही गोफणी चालवल्या, पण गोदामावशीच्या शिव्यांनी जेवढे पोपट उडाले तेवढे आमच्या दगडांनी उडाले नाहीत. पाखरांपेक्षा बापूसाहेबांना भीती तोडणाऱ्या बायांची. एक मणी टोपलीत, एक तोंडात. त्यांनी बरंच डोकं चालवून फर्मान काढलं की तोडताना बायांनी सतत गात राहायचं. तोंडात द्राक्ष असलं की गाता येत नाही.

बायांना जात्यावर गायची सवय. त्यांना काय, लागल्या गायला. पहिल्या दिवशी देवाच्या ओव्या झाल्या, सीतेच्या झाल्या. दुसऱ्या दिवशी त्या संपल्या आणि गोदामावशीने स्वतःच्या जोडायला सुरुवात केली. एका ओवीत बापूसाहेबांचं पोट आलं. पुढच्या ओवीत त्यांनी पाठ करून बागेसाठी गाळलेले अश्रू आले. मग आमची वाट टाळताना काट्यात फाटलेलं धोतर आलं. बाया खिदळत एकेक ओळ उचलून धरत होत्या आणि आवाज थेट सडकेपर्यंत जात होता. दुपारी बापूसाहेब धावत बागेत आले, घाम पुसत हात जोडून म्हणाले, "खा वो बायांनो, खा! पन गाऊ नका!"

दारू करायला माणूस हवा होता. तो बापूसाहेबांनी कामठीहून आणला. तिथल्या छावणीत एका गोऱ्या कप्तानाच्या घरी तो बटलर होता. नाव पीटर. आमच्या तोंडी त्याचा झाला पितर, आणि वयाने मोठा म्हणून पितरबुवा. फाल्गुनात पितर जेवायला आले, असं गावात म्हणायचे. पांढरी झालेली झुपकेदार मिशी, अंगात जुना काळा कोट, आणि बोलायची रीत अशी की विलायतेतली सगळी दारू याच्या देखरेखीखाली निघाली असावी. आंबलेल्या रसाचा वास घेण्यासाठी तो डोळे मिटायचा. आम्हाला वाटायचं, केवढा हा जाणकार!

द्राक्षं तोडून गोठ्यात सावलीला रचली. विहिरीजवळ गुरांना पाणी पाजायचा मोठा दगडी हौद होता, तो घासूनपुसून कोरडा केला आणि द्राक्षांनी भरला. सगळी वस्ती भोवती उभी. पितरबुवांनी कोटाच्या बाह्या सारल्या आणि म्हणाले, "अब चढो. पाँव से कुचलनेका."

कोणालाच काही कळलं नाही.

"कायनं?" गोदामावशी म्हणाली.

"पाँव से. पायानं. विलायत में ऐसाच करते."

मावशी दोन पावलं मागे सरली. "अन्नाले पाय? बाप्पा! आमच्या हातून भाकरीचा तुकडा पडला तं आमी उचलून कपाळाले लावतो, अन् हा मानूस मले अन्नात नाचाले सांगते!"

बापूसाहेब पारावरून बोलावं तसे लांब उभे राहून बोलत होते. "हे अन्न नव्हे गोदे. ही दारू आहे."

"दारू होईल तवा होईल. आता तं द्राक्षंच हायेत ना!"

कोणीही हौदाकडे पाऊल टाकेना. मजुरी वाढवून देतो म्हणाले, तरी नाही. ऊन चढत होतं, घडांवर माश्या घोंगावायला लागल्या होत्या आणि गोठ्यातून आंबूस वास येत होता. मी म्हटलं, खळ्यावर बैल ज्वारी तुडवतात, त्याला कोणी पाप म्हणत नाही, तर बैल घाला. सगळ्यांना पटलं. बैल आणला. त्याने पाय हौदात टाकायच्या ऐवजी तोंड टाकलं आणि ते वर काढायचं नाव घेईना. ओढून काढला आणि मुसकं बांधलं, तेव्हा रागाने वळून त्याने शेपूट उचललं. चार माणसांनी त्याला ढकलला म्हणून हौद वाचला. शेण काठाला पडलं.

आता बापूसाहेबांचा तोल गेला. ते इतक्या मोठ्याने ओरडले की विहिरीतले पारवे उडाले. "बस झालं! उद्या ही सगळी बाग उपटतो! खुंट जाळतो, अन् कपाशी पेरतो! जा तुमी आपले जिनात!"

मी काशीकडे बघितलं. ती हौदाच्या दुसऱ्या बाजूला उभी होती आणि तिने नकळत पदर तोंडाला लावला होता, जिनात लावायची तसा. आता वाटतं, त्या एका क्षणात मी एकट्यानेच हौदात उडी टाकायला हवी होती. पण सगळ्यांसमोर पाप करायला छाती लागते, आणि ती माझ्याकडे नव्हती.

तेवढ्यात गोदामावशीने पितरबुवांना विचारलं, "बरं, हे पेनार कोन?"

"साहेब लोग."

"गोरा सायेब?"

"और कौन? मेमसाहेब बी."

"आमच्या पायाखालचं? धुऊन नाई, पुसून नाई?"

"धुएगा कैसा? यही तो रस है."

मावशीच्या चेहऱ्यावर सकाळच्या उन्हासारखं काहीतरी पसरत गेलं. ती आमच्याकडे वळली. "आयकलं का रे? देवाच्या पायाचं पानी आपन पेतो, त्याले काय म्हनते?"

"तीर्थ," कोणीतरी म्हणालं.

"बामनाच्या पायाचं?"

"ते बी तीर्थ."

"मंग आता सायेब अन् त्याची मेम आपलं चरणतीर्थ पेनार हायेत. कपाळाले लावून पेतील का तसंच, ते मले म्हाईत नाई. पन पेनार हायेत!"

तुम्ही समजून घ्या, आम्ही कोण होतो ते. त्या विहिरीला हात लावायची आम्हाला मनाई होती. तिच्यातून भरून कोणी उंचावरून पाणी सोडलं तर आम्ही ओंजळीत प्यायचं. आणि आता राज्य करणारा माणूस आमच्या पायाखालचं पाणी पेल्यात घालून पिणार होता! मग जी हसाहस सुरू झाली ती थांबेना. अन्न, पाप, सगळं बाजूला राहिलं. पाय धुवायला रेटारेटी झाली. एरवी घराबाहेर न पडणारे म्हातारे काठी टेकत आले आणि म्हणाले, आमचाही एकेक पाय लागू द्या. मी धोतर खोचेपर्यंत काशी हौदात उतरली होती.

द्राक्षं पायाखाली फुटतात ती कशी, ते सांगतो. आधी ती निसटतात, गोट्यांवर उभं राहिल्यासारखं वाटतं. मग एकदम पिच्च होतं आणि थंडगार रस घोट्यापर्यंत येतो. सुख वाटतं. पण आमच्या टाचांना भेगा, आणि रस आंबट. तो भेगेत शिरला की जी आग होते! बाया किंचाळून एका पायावरून दुसऱ्या पायावर उड्या मारायला लागल्या. पितरबुवा काठावर टाळ्या वाजवत होते, "वा वा! ऐसाच नाच! विलायत में बी ऐसाच नाचते!"

रसाचा रंग महिनाभर निघाला नाही. शेलूबाजारच्या बाजारात बायांनी काशीला विचारलं, आळता कुठून आणला? ती म्हणाली, सायबाच्या घरून.

दुसऱ्या दिवशी हौद आपोआप खदखदायला लागला. खाली विस्तव नाही, काही नाही, आणि वर फेस. पितरबुवा म्हणाले, हेच पाहिजे. साली खाली-वर करत राहायचं, फेस बसला की गाळून बरण्यांत भरायचं. भरलं. बरण्या कडब्याच्या खोलीत ठेवल्या. चैत्राचं ऊन पत्र्यावर तापत होतं. पितरबुवा रोज एक बरणी उघडायचे, डोळे मिटून वास घ्यायचे आणि म्हणायचे, "थोडा और." मला त्या वासाने नाकात झिणझिण्या यायच्या. पण मी म्हटलं, भारी वस्तू अशीच असणार.

अखेर अकोल्याचा तो साहेब यायचा दिवस ठरला. चिखलदऱ्याच्या थंड हवेला जाण्याआधी त्याला इथल्या दारूचा नमुना चाखायचा होता, आवडला तर गिऱ्हाईक पक्कं. मांडव घातला. खुर्च्या मांडल्या. आम्हाला धुतलेले कपडे घालून बांधाशी ओळीने उभं केलं. साहेब मोटारीतून उतरला, लाल, उंच, घामाघूम. पितरबुवांनी काळा कोट घातला होता आणि हातावर पांढरा रुमाल. बरणीतून काचेच्या पेल्यात त्यांनी जी दारू ओतली, ती मात्र बघण्यासारखी. एक थेंब बाहेर नाही. मनगट असं वळलं की साहेब म्हणाला, "शाबास!"

पेला पुढे केला. आमची सगळी ओळ टाचा उंचावून बघत होती. गोदामावशीने माझा दंड इतका घट्ट धरला होता की वळ उठले.

साहेबाने पेला घेतला, उजेडात धरला, आणि मग तो बापूसाहेबांकडे सरकवला. मोडक्या हिंदुस्तानीत म्हणाला, "पहिले तुम पियो, देशमुख. तुमारा बगीचा, तुमारा हक."

नंतर ड्रायव्हरकडून कळलं की कुठल्या तरी गावी भेट म्हणून दिलेल्या दारूने तो साहेब आधी आठवडाभर आडवा पडला होता. तेव्हापासून देणाऱ्याने आधी घेतल्याशिवाय तो काही तोंडाला लावत नसे.

बापूसाहेबांच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला. दारू हा एक भाग झाला. त्या पेल्यात काय आहे, कोणाचे पाय आहेत, हे त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं होतं. त्यांनी हात जोडले. "माफी, साहेब. आज एकादशी आहे. उपास."

खरंच एकादशी होती. साहेबाने पितरबुवांकडे बघितलं, हे काय म्हणून. आणि पितरबुवा, अंगभर नोकरी मुरलेला माणूस, मालकाची अडचण दूर करायला अदबीने वाकून म्हणाले, "हुजूर, अंगूर फल है. उपवास को चलता है."

बापूसाहेबांनी पितरबुवांकडे जे बघितलं, ते बघणं मी मरेपर्यंत विसरणार नाही.

मग त्यांनी आमच्या ओळीकडे नजर फिरवली. आमच्या पायांकडे. पाय अजून जांभळेच होते. इकडे बाग, तिकडे सोवळं. नाही म्हणाले असते तर साहेब तसाच मोटारीत बसला असता आणि बाग दुसऱ्या दिवशी उपटली गेली असती. मला आता हसू येतं, पण तेव्हा मी मनात देवाचा धावा करत होतो. आणि तो देवही कोणता, तर एकादशीचा.

बापूसाहेबांनी डोळे मिटले आणि पेला एका घोटात रिकामा केला.

त्यांचं तोंड आधी आक्रसलं, मग कानांपर्यंत लाल झालं, मग डोळ्यांतून घळघळ पाणी आलं. तरी त्यांनी पेला हळूच खाली ठेवला आणि घोगऱ्या आवाजात म्हणाले, "उत्तम." आमच्या ओळीतून कोणीतरी हळूच "पावलं" असं म्हणालं. कोण ते मी सांगणार नाही, पण दंड तिने अजून सोडला नव्हता.

साहेबाने धीर धरून एक घुटका घेतला. थुंकला. परत वास घेतला आणि गडगडाट करून हसायला लागला. "सिरका! देशमुख, ये तो सिरका है!"

दारू उन्हाने केव्हाच फिरली होती. बरण्यांत होता तो कडक, नाक जाळणारा शिरका. सगळ्यांनी पितरबुवांकडे बघितलं. पितरबुवांनी हातावरचा रुमाल काढून डोळ्यांना लावला आणि म्हणाले, "साहेब, चालीस साल मैंने सिर्फ पेले में डाली है. बनाते कभी देखा नहीं."

मला वाटलं, संपलं. जिन आलं. पण साहेबाचा खानसामा मोटारीत बसला होता. तो उतरला, त्याने बोट बुडवून चाखलं आणि म्हणाला, विलायती शिरका याच्यापुढे पाणी आहे. साहेबाने दोन बरण्या मोटारीत ठेवून घेतल्या. पुढे मंगरूळपीरच्या हकिमाने मागणी केली, कारंज्याच्या व्यापाऱ्यांनी लोणच्यासाठी मागणी केली. बाग राहिली. पितरबुवाही राहिले. मोठ्या थाटात शिरका ओतायचे.

त्या दिवशी साहेबाची मोटार धुरळ्यात दिसेनाशी झाल्यावर बापूसाहेब तडक विहिरीवर गेले आणि त्यांनी घागरींमागून घागरी डोक्यावर ओतून घेतल्या. आम्ही बांधावरून बघत होतो. कोणी हसलं नाही. काशी म्हणाली, "आपल्यासाठी पेले ते." तसं ते नव्हतं, ते बागेसाठी प्याले, हे तिलाही माहीत होतं. तरी ती म्हणाली.

ती बाग आता नाही. महायुद्धात मोरचूद मिळेनासं झालं, बुरशीने पानं गेली, मग बापूसाहेब गेले, आणि त्यांच्या मुलांनी पांगारे तोडून कपाशी पेरली. मी तोवर रोपवाटिकेत लागलो होतो. मला निरोपही मिळाला नाही, याचं वाईट वाटतं. शेवटची छाटणी तरी करून आलो असतो.

पण जाता जाता पुढच्या हंगामातला एक प्रसंग सांगतो, कारण तो मी कोणाला सांगितला तर खरा वाटत नाही.

द्राक्षं तोडली, हौद भरला. या वेळी कोणाला काही समजवावं लागलं नाही. आम्ही पाय धुवायला निघालो, एवढ्यात बापूसाहेब आले. त्यांच्या मागे गडी, गड्याच्या डोक्यावर पाण्याची घागर, आणि बापूसाहेबांच्या हातात तांब्या.

"थांबा," ते म्हणाले. "मागच्या वेळी तुमी पाय कसे धुतले होते ते मले म्हाईत हाय. दातात रेती आली माह्या."

गड्याने तांब्यासाठी हात पुढे केला, तर त्यांनी तो बाजूला सारला. "तू नको. तू बी तसाच टाकशील. या एकेक."

कोणी पुढे होईना. मग गोदामावशी पुढे झाली. तिने लुगडं घोट्याच्या वर उचललं आणि हौदाच्या काठावर पाय ठेवला. बापूसाहेबांनी लांबूनच धार सोडली. पाणी अर्धं पायावर, अर्धं मातीत. ते चरफडले आणि एक पाऊल जवळ आले. मग आणखी एक. मावशीने तो पाय चोळला, आतून-बाहेरून बघितला, आणि दुसरा पुढे केला.

"नीट टाका, बापूसायेब," ती म्हणाली. "टाचेच्या भेगेत रेती दिसून राह्यली."

बापूसाहेब वाकले, आणि त्यांनी भेगेवर पाण्याची बारीक धार धरली.